रेडिएटरचं नवरात्र

घट बसले की माझं पोट बिघडतं. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. सूनबाई पहिल्या माळेलाच ओव्याची पुडी माझ्या उशाशी आणून ठेवते आणि नातवंडं एकमेकांना डोळे मिचकावतात, "चला, आजोबांचं नवरात्र सुरू झालं!" उपासानं होतं असं त्यांना वाटतं. वाटेना का. बाहेर पावसानं आवरतं घेतलेलं असतं, कापसाची बोंडं उकलायला लागलेली असतात, रस्त्याकडेचा तरवड पिवळाधमक झालेला असतो आणि दुपारचं ऊन अंगाला नुसतं चिकटतं. सगळं गाव खुशीत असतं. माझ्या नाकात मात्र कुठून तरी तापलेल्या रबराचा वास येतो आणि मी उगाचच उठून दारापर्यंत जाऊन येतो.

त्या साली मी गेवराईच्या देशमुखांच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. निजामाचा अंमल. कचेरीत उर्दू, घरात मराठी आणि मोटारीला शिव्या दोन्हींत. मोटार म्हणजे काय, तर पुढून मोटार आणि मागून बैलगाडी. देशमुखांनी कुणा साहेबाची जुनी गाडी घेऊन तिचा मागचा भाग कापून काढला होता आणि सुताराकडून बाभळीच्या फळ्यांचा हौदा ठोकून घेतला होता. त्यातून सरकी जायची, गुळाच्या ढेपा जायच्या, लग्नाची वऱ्हाडं जायची. हॉर्न वाजवायची गरजच नव्हती, गाडी येतेय हे मैलभर आधी कळायचं. लोक खटारा म्हणायचे. कुणी म्हटलं की मला राग यायचा आणि मी स्वतः दिवसातून दहादा म्हणायचो.

तिचं दुखणं एकच, रेडिएटर. इंजिनाच्या तोंडाशी असलेली पितळी जाळी. इंजिनातलं तापलेलं पाणी तिच्या बारीक नळ्यांतून फिरतं, वाऱ्यानं निवतं आणि परत आत जातं. ही जाळी गळायची. गावातले हंडे-घागरी ज्यांच्याकडं कल्हईला यायचे ते गंगाराममामा तांबट हेच आमच्या मोटारीचे वैद्य. त्यांनी तिला इतके डाग दिले होते की मूळ पितळ कुठलं आणि कथील कुठलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. वाटेत गळती लागली तर मात्र इलाज माझा स्वतःचा होता. मूठभर जोंधळ्याचं पीठ आणि चिमूटभर हळद पाण्यात कालवून जाळीच्या तोंडातून ओतायची. दहा मिनिटांत गळती बंद! ही अक्कल मी चारचौघांत फुशारकीनं सांगायचो. पीठ जसं भोकाशी जाऊन बसतं तसं बाकीच्या नळ्यांतही जाऊन बसतं, तिथं शिजतं, वाळतं, हे माझ्या टाळक्यात कधी आलंच नाही. त्या नवरात्रात दुसऱ्या माळेला उमापूरच्या वाटेवर मोटार अशी उकळली की टोपण उडून वाफेचा फवारा आला आणि हौद्यातल्या बायका देवीचं नाव घेत खाली उड्या मारून पळाल्या.

बैल जुंपून गाडी ओढत मामांच्या दारात आणली. मामांनी जाळी उलटी करून हातानं थोपटली. आतून पिवळट खपल्या पडल्या. त्यांनी एक उचलून नाकाशी धरली.

"रंगा, हे काय हाय बे?"

"पीठ."

"पीठ?"

"अन् हळद."

"मंग मीठ कावून ठिवलंस? तेबी टाकायचं की! आख्खी पंगत उठली असती." मामा हसले, पण लगेच खपली टाकून त्यांनी हात झटकले. "आता डाग देऊन फायदा न्हाई. नळ्याच मेल्या हिच्या. दुसरी बघ."

दुसरी बघायची तर नगरला. तिथं इंग्रजी मुलखात मोडक्या मोटारींचा बाजार होता. मामांनी सुतळीला गाठी मारून माप दिलं. ही गाठ उंचीची, ही रुंदीची, वरच्या नळीपासून खालच्या नळीपर्यंत ही दोन गाठींमधली. वर बजावलं, "चकाकीला भुलू नको. हातात धरून वजन बघ. जड लागली तर आत चुना धरलाय समज. खालचं तोंड तळव्यानं दाब, वरून पानी भर अन् हात सोड. धाडकन पडलं पायजे पानी. करंगळीसारखं आलं तर फेकून दे." एका व्यापाऱ्याची मोटार तिकडंच जात होती, तिच्यात बसून मी निघालो. वाटभर ती सुतळी खिशात चाचपत होतो. गाठ सैल झाली तर?

नगरच्या एका भंगारवाल्याच्या अंगणात मी आख्खी दुपार घालवली. निवडण्यासारख्या दोनच होत्या. एक बड्या गाडीची, मधाच्या पोळ्यासारखी नक्षीदार, वर निकेलचं तोंड. दुसरी काळपट, बोल्टाच्या एका कानाला चेपलेली, कुठल्याशा लॉरीची. दुकानदार पहिलीवरच हात फिरवत होता. माझंही मन तिच्यावरच, खोटं कशाला बोलू? गावात ही लावून गेलो तर खटारा म्हणायची कुणाची छाती झाली नसती. पण उचलली तर जड. पाणी भरून तळवा काढला तर बायका उखाणा घेताना लाजतात तसं थांबून थांबून पाणी आलं. काळीखालचा तळवा काढला आणि माझं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. सुतळी लावली तर खालची नळी बोटभर आखूड. बोटभराचं काय होईल, ही काळजी घेऊन मी काळी उचलली. आलो होतो ती मोटार पुढं पुण्याला निघून गेली होती, म्हणून उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं शेवगाव, तिथून मिळेल त्या बैलगाडीनं, मांडीवर रेडिएटर घेऊन गेवराई. करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावरच्या शिपायानं विचारलं, "ये क्या है?" म्हटलं, जाळी. तो म्हणाला, मासे पकडायची?

पोचलो तेव्हा आठवी माळ होती. मामांनी त्याच दिवशी जुनी जाळी काढून बाजूला टाकली, नवीचा चेपलेला कान सरळ केला, आणि दिवस मावळला. म्हणाले, आता दसऱ्याला बसवू. उद्या खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा. शेतकऱ्याचे विळे-कुऱ्हाडी, न्हाव्याचा वस्तरा, तांबटाच्या हातोड्या, सगळं धुऊन पुसून घटापुढं मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. एकदा मांडलं की दसऱ्याची पूजा होईस्तोवर हलवायचं नाही. वर्षभर राबलेल्या लोखंडाला तेवढाच आराम. मला हे नेहमी आवडायचं. त्या दिवशीही सकाळी मी मोटारीला झेंडूची माळ घातली होती. रेडिएटर नसलेली मोटार, दात पडल्यासारखी दिसत होती, तरी माळ घातली.

दुपारी बारा-साडेबाराला दादाची बैलगाडी आली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, उमापूरला शेती बघायचा. गाडीत वहिनी होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं. माझी आई मी आठ वर्षांचा असताना गेली, आणि त्याच वर्षी तेरा वर्षांची ही मुलगी आमच्या घरात सून म्हणून आली. माझ्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या, माझं आजारपण तिनं काढलं. मी तिला तुमी म्हणायचो, ती मला तू. तिला पाहिलं आणि मी गाडीकडं धावलो.

पाचव्या माळेला, मी नगरला सुतळी घेऊन फिरत होतो तेव्हा, तिला परसात कुत्रं चावलं होतं. अनोळखी, लाळ गाळणारं. दोन दिवसांनी ते नाल्यात मरून पडलेलं सापडलं. आणि ह्या चार दिवसांत दादानं काय केलं? भगताकडं नेलं. त्यानं जखमेत मिरची भरली आणि सांगितलं, सात विहिरींत डोकावून पाण्यात तोंड बघायचं, मग बाधत नाही. उमापूरला चालत्या विहिरी होत्या पाच. उरलेल्या दोनांसाठी शेजारच्या वाडीला नेलं. आज गेवराईच्या सरकारी दवाखान्यात आणलं तर डॉक्टर भडकले. नगरला जा, तिथं पोटात सुया देतात, जितक्या लवकर जाल तितकं बरं, आधीच उशीर केलाय.

"चार दिस विहिरी मोजत बसला?" मी दादावर ओरडलो. थोरल्या भावाला मी आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरे केलं. "अक्कल गहाण टाकली का तू?"

दादा बैल सोडायला वळला. वहिनी म्हणाली, "त्येंना कावून बोलतूस? मीच म्हनले जाऊ. सातव्या विहिरीत तर माजं तोंड लई झ्याक दिसलं." आणि हसली. मला रडू कोसळलं.

बैलगाडीनं नगर म्हणजे चार दिवस. सर्व्हिस मोटार दसऱ्यामुळं बंद. देशमुखांना विचारलं, ते "ने" म्हणाले. त्या एका शब्दापायी मी त्यांचं बाकी सगळं माफ केलं आहे. राहिली मोटार. ती मामांच्या दारात उघड्या तोंडानं उभी, आणि मामांचे पाने, पक्कड, हातोडी, पेचकस, सगळं आत देवीपुढं, कुंकवानं लाल.

मामा घामानं भिजले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचे वडील म्हणे एकदा खंडेनवमीला हातोडी उचलून डाग द्यायला बसले आणि त्याच साली गेले. मामा मला सोडून देवीकडंच बघत होते. शेवटी म्हणाले, "कौल लावू. ती म्हनंल तसं." देवीच्या पितळी मुखवट्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी भिजवलेली दोन फुलं डकवली. उजवं पडलं तर हत्यारं उचलायची, डावं पडलं तर नाही. आम्ही हात जोडून बसलो.

फूल काही पडेना.

तसं बसणं मी पुन्हा कधी बसलो नाही. समईची ज्योत, उगवलेल्या धान्याचा ओला वास, आणि ती दोन फुलं. उजवं जरा कललं असं वाटायचं, मग वाटायचं की मीच कललोय. डावं पडलं तर काय करायचं हे मी मनात ठरवून टाकलं होतं. मामांना ढकलून पाने घ्यायचे आणि पळायचं. पुढं पळून करणार काय होतो, मला रेडिएटर बसवता कुठं येत होता? वहिनी दाराशी पाय लांब करून बसली होती. ती मधेच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मामा. माज्यापायी देवीला कशाला तकलीफ? जाऊ की गाडीनं."

तेव्हा मामी उठल्या. मामांची बायको, घरात आवाज न चढवणारी बाई. त्यांनी देवीपुढं डोकं टेकवलं, सरळ पाने-पक्कड-हातोडी पदरात गोळा केली आणि मामांच्या पुढ्यात आणून ओतली.

"अगं, कौल..." मामा म्हणाले.

"कौल कशाचा बगता? तीबी बाईच हाय. तिला कुत्रं चावल्यावर ती इचारत बसली असती का?" आणि वर म्हणाल्या, "पाप लागलं तर मला लागंल. उठा."

कुंकवानं माखलेल्या पान्यांनी मामांनी काम सुरू केलं. एकदा हात लागला म्हटल्यावर मात्र ते थांबले नाहीत. बोल्टाखाली चपलेच्या चामड्याच्या चकत्या कापून घातल्या, हादऱ्यानं कान तुटू नये म्हणून. मागच्या पंख्याचं पातं जाळीला घासतंय का हे बोट घालून फिरवून बघितलं. वरची रबरी नळी बसली. खालची बोटभर आखूड, जशी मला भीती होती तशीच. मी कपाळाला हात लावला. मामांनी एका फुटक्या हंड्याच्या गळ्याची पितळी पट्टी कापली, वळवली, डाग देऊन नळीला जोड केला, वर रबर ओढून तारेनं आवळलं. पाणी भरायला मी विहिरीकडं निघालो तर ओरडले, "खाऱ्या विहिरीचं नको! पागोळीचं रांजनात हाय ते घे." पाणी भरलं. आम्ही सगळे खाली वाकून जोडाकडं बघत बसलो. एक थेंब धरला. मामांनी तार आणखी एक वेढा पिळली. थेंब धरायचा थांबला. माझ्या हातांना कुंकू लागलेलं होतं, तेच मी कपाळाचा घाम पुसताना कपाळभर फासून घेतलं.

दोन वर्षांच्या चिमीला, म्हणजे दादा-वहिनीच्या लेकीला, उमापूरला शेजारच्या आत्याकडं ठेवलं होतं. जाताना वाटेवरच होतं. वहिनीनं गाडीतूनच बघितलं, खाली उतरली नाही. दिवेलागणीला शेवगाव गाठलं, मुक्काम केला, आणि दसऱ्याच्या सकाळी निघालो. लोक नवे फेटे बांधून आपट्याची पानं आणायला चालले होते. मी काट्याकुट्यांतला रस्ता आणि पुढचं टोपण, एवढंच बघत होतो. करंजीच्या घाटात दर वळणाला थांबायचो, दादा मागच्या चाकाला धोंडा लावायचा, मी जाळीला हात लावायचो. चटका बसायचा. जरा निवलं की पुढं. वहिनी हौद्यातून म्हणाली, "तू मोटार चालवतूस का आजारी मानसाची नाडी बगतूस?" घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा टोपणाखालून बारीक वाफ निघत होती. फार नाही. भात शिजत आल्यावर निघते तेवढी. मी तिथं खाली बसलो आणि ती थांबेपर्यंत उठलोच नाही.

नगरच्या दवाखान्यात चौदा दिवस चौदा सुया झाल्या. नवव्या सुईनंतर वहिनीला कुशीवर वळता येईना. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात असं म्हणतो मी, पण तीन महिने लक्ष ठेवा. कशावर लक्ष ठेवायचं? त्यांनी सांगितलं, पाण्यावर. हा रोग ज्याला होतो त्याच्या घशाखाली पाणी उतरत नाही. पाणी बघूनच तो घाबरतो.

घरी परतल्यावर मी माझं बिऱ्हाड उमापूरला हलवलं. मोटार तिथंच अंगणात लावायचो. सकाळी उठलं की चुलीजवळ बसायचं आणि म्हणायचं, "वहिनी, तांब्याभर पानी द्या बरं." ती द्यायची. मग मी म्हणायचो, "तुमी न्हाई पिनार?" ती पण तांब्या उचलायची. मी तिच्या गळ्याकडं बघत राहायचो, घोट खाली जाताना दिसेपर्यंत. दिवसभर मोटारीवर असलो तरी जीव त्या तांब्यात. नवी जाळी एकदाही उकळली नाही, एक थेंब गळली नाही. गंगाराममामा येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून तो पितळी जोड दाखवायचे. मामींना काही झालं नाही, मामांनाही नाही. मला त्या सगळ्याचा आनंद व्हायला हवा होता. आता मागं वळून बघताना वाटतं, ती थंडी किती सुरेख पडली असेल, हुरडा किती गोड असेल. मला त्यातलं काहीच आठवत नाही. नव्वद सकाळी आणि एक तांब्या.

भोगीच्या दिवशी तीन महिने उलटून वर चार दिवस झाले होते. वहिनी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी थापत होती. चिमी तिच्या मांडीला टेकून बसली होती. मी म्हटलं, "वहिनी, आता मी गेवराईला परत जातो. आता काळजी न्हाई."

"जा की." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "एक सांगू का रंगा? तुज्याआधी उठत व्हते मी. अंधाराचं. रांजनातलं पानी वंजळीत घेऊन एकटीच पिऊन बगायची. उतरलं की मंग तू उठायची वाट बगत बसायची."

मी चुलीत एक काटकी सारली.

"एका दिवशी न्हाई उतरलं. ठसका लागला, नाकातून भायेर आलं सारं. मला वाटलं, झालं, आलं." तिनं भाकरी उलटली. "त्या दिवशी चिमीला हात लावला न्हाई मी. आत्याला म्हनले, तूच भरव. अन् तुज्यासमोर तांब्या घेतला तवा देवीला म्हनले, जे व्हायचं ते हेच्यासमोर व्हऊ दे."

"मंग?"

"मंग काय? उतरलं."

"कवाची गोष्ट? कंचा दिवस?"

तिनं चिमटा खाली ठेवून माझ्याकडं पाहिलं. तिला खरंच नवल वाटलं होतं. "तुला कळलं न्हाई? तू तर रोज बगत व्हतास की."

मी एकही सकाळ चुकवली नव्हती. वहिनी पुढं पिकल्या केसांची होऊन, नातवंडं बघून गेली, तिला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. तो दिवस कोणता हे मी अजून आठवून बघतो. प्रत्येक सकाळी तिनं तांब्या खाली ठेवलेला दिसतो, पदरानं तोंड पुसलेलं दिसतं, आणि ती म्हणते, जा, मोटार काढ आता, ऊन झालं. एकाही सकाळी तिचा हात थरथरताना मला दिसत नाही.